खिडकीच्या अलीकडची आणि पलीकडची भाषा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत काही दिवसांपूर्वी एका वाचकाने कोकणातल्या माणसाच्या बोलण्यावर टीका केली होती. हा माणूस घरात एक बोलतो, कचेरीत दुसरे, मुंबईला पोहोचला की तिसरे आणि पर्यटक दारात आला की चौथे, तेव्हा त्याचे खरे बोलणे कोणते समजावे, असा त्या पत्राचा सूर होता आणि शेवटी त्यासाठी ‘दुतोंडी’ असा शब्द वापरला होता. निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटलेला नाही. टपाल खात्यात छत्तीस वर्षे मी मालवण तालुक्यातल्या आणि आसपासच्या लहान कार्यालयांच्या खिडकीमागे बसलो. दिवसभरात एकच माणूस चार जणांशी चार तऱ्हांनी बोलताना जितका मी पाहिला, तितका फार थोड्यांनी पाहिला असेल. त्या अनुभवावरून चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले, तर आपण कात्री लावावी.

मी १९७८ साली नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या भागातली बरीच घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. कर्ता पुरुष गिरणीत किंवा गोदीत, गावकीच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर राहणारा. गावी आई, बायको, मुले आणि दोन-चार गुंठे भात. पैसे आले की पोच द्यायची आणि चार ओळी लिहायच्या, आणि अनेक घरांत लिहिणारे कोणी नसे. ते काम मग पोस्टातल्या माणसाकडे येई. खात्याच्या नियमांत ते बसत नव्हते, तरी दुपारी गर्दी ओसरली की खिडकीबाहेरच्या बाकावर मी अशी पत्रे लिहून देत असे. म्हातारी सांगायची, “झिला, तुझे पैशे गावले. म्हस व्याली, रेडकू झाला. शिमग्याक तरी ये.” आणि मी लिहायचो, “चिरंजीव यास अनेक आशीर्वाद, विनंती विशेष. तुझी मनीऑर्डर पोहोचली. म्हैस व्याली असून सर्व क्षेम आहे. शिमगोत्सवास अवश्य यावे.” यात मी काही गैर करतो आहे, असे मला कधी वाटले नाही. तिलाही वाटत नसे. पत्र ही गोष्ट अशाच भाषेत असते, जसे देवळात जाताना वहाणा बाहेर काढायच्या असतात, अशी तिची समजूत होती.

एकदा मात्र एका बाईने सगळे पत्र वाचून घेतले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरा लिवलंस. पण ह्यात मी खय (कुठे) आसंय?” तिला राग आला नव्हता. तिने खरोखरच विचारले होते. मी खजील झालो आणि तिने सांगितलेले शेवटचे वाक्य तिच्याच शब्दांत खाली लिहिले: “फणस पिकलो, तुझो वाटो काढून ठेवलंय.” त्यानंतर मी तसा पायंडाच पाडला. वरचा मजकूर रिवाजाचा आणि शेवटची एक ओळ सांगणाऱ्याची. (तारेत ही सोय नव्हती. शब्दाला पैसे पडत, आणि ‘फादर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली’ हे चार-पाच इंग्रजी शब्द आमच्या भागातल्या अक्षरशत्रू माणसालाही चेहऱ्यावरून कळत.)

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की त्या बाईच्या दोन्ही भाषा खऱ्या होत्या. ‘अनेक आशीर्वाद, विनंती विशेष’ हेही तिला हवे होते, कारण ते पत्र खोलीतले पंधरा जण ऐकणार होते आणि त्यांच्यापुढे मुलाची आई नीटनेटकी दिसायला हवी होती. फणसाची ओळ तिच्या मुलासाठी होती. समोर कोण आहे, बरोबर कोण ऐकते आहे आणि आपल्याला कोण म्हणून ऐकले जावे, या तिन्हींचा हिशेब शाळेत न गेलेल्या बाईने क्षणात केला होता. याला दुतोंडीपणा म्हणणे म्हणजे लग्नाला नेसलेले लुगडे आणि भातलावणीला खोचलेले लुगडे वेगळे आहे म्हणून बाईवर आळ घेणे होय.

आता बोलीतल्या औपचारिकतेविषयी, कारण टीकाकार वाचकाने मालवणीला ‘घरची, मोकळीढाकळी’ भाषा म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. मालवणीला स्वतःची सभ्य, गंभीर पायरी नाही असे ज्याला वाटते, त्याने कोणत्याही ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन गाऱ्हाणे ऐकावे. गाऱ्हाणे घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करून गावच्या सीमेपासून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत सर्वांचे क्षेम एका लयीत मागत जातो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. हाच माणूस अर्ध्या तासापूर्वी सभामंडपाबाहेर गजालीत मित्राला ‘मेल्या’ म्हणून हाक मारत असतो. बोली तीच असते, पण आवाजाची पट्टी, हात जोडण्याची उंची, वाक्याची लांबी, सगळे बदललेले असते. आणि देवाला तो ‘तू’च म्हणतो.

या ‘तू’वरून केवढे गैरसमज होतात, ते मी पाहिलेले आहे. एकदा तपासणीसाठी घाटावरचे एक वरिष्ठ आले होते. पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजीने त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि मायेने विचारले, “तू खयचो रे, बाबा? जेवलंस मां?” साहेबांचा चेहरा उतरला. आजीने त्यांना पोटच्या मुलाच्या जागी बसवले होते आणि साहेबांना वाटले की आपल्याला एकेरीवर आणले. ‘आपण कोठून आलात?’ हे वाक्य त्या आजीला येत नव्हते असेही नाही. सावकाराशी ती तसेच बोलायची. साहेब तिला बरे वाटले, म्हणून तिने ते वापरले नाही.

आमच्या दशावतारात तर हा भाषाभेद रंगमंचावरच मांडलेला असतो. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले आणि संवाद नटाच्या जिभेवर. देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, संकासुर मालवणीत हसवतो, आणि रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला कोणाचे बोलणे परके वाटत नाही. दिवसा बागायतीत किंवा होडीवर राबणारा गडी रात्री मुकुट चढवून ‘हे दुराचारी दैत्या, आज तुझा अंतकाळ समीप आला आहे’ अशा थाटाची वाक्ये आयत्या वेळी रचतो आणि पहाटे रंग पुसून चहाच्या टपरीवर पुन्हा आपल्या बोलीत येतो. स्त्रीपार्टी नट तर बोलण्याबरोबर मान, कंबर आणि पदर धरण्याची रीतही बदलतो. या प्रदेशातल्या माणसाला वेष आणि वाणी एकत्र बदलण्याची कला कोणी नव्याने शिकवायला नको.

बोलण्याबरोबर देहही बदलतो, आणि त्याविषयी आपण फारच कमी बोलतो. खिडकीच्या पलीकडे उभा राहणारा माणूस मी हजारो वेळा पाहिला. गावात छाती काढून चालणारा हाच माणूस खिडकीशी येताच छत्री काखेत घट्ट धरतो, खांदे आत ओढतो, दोन्ही हात पोटापाशी आणतो आणि कागद पुढे करताना उजव्या कोपराला डाव्या हाताचा आधार देतो. पैसे मोजून झाले की पायरी उतरताना छत्री पुन्हा हातात येते आणि खांदे रुंद होतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या महिन्यांत मनीऑर्डरींची चळत रोज पातळ होत गेली. आधी बायका पायरीवरूनच “पैशे इले?” असे मोठ्याने विचारत. संप लांबला तशा त्या विचारेनाशा झाल्या. फाटकापाशी उभ्या राहून लांबूनच नुसती हनुवटी वर करीत आणि मी मान हलवली की वळून जात. ज्या गोष्टीची चारचौघांत लाज वाटते, ती तोंडाने विचारायची नसते, हे त्यांनी एकमेकींशी ठरवले नव्हते. तरी महिनाभरात सगळ्याजणी तसेच करू लागल्या.

देहाचे हे वळण सगळेच निष्पाप असते असे मात्र नाही. माझे आजोबा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, अंगणात कसे उभे राहावे लागे ते करून दाखवीत: वहाणा बाहेर, डोक्याचे मुंडासे हातात, नजर जमिनीवर आणि उत्तर शक्यतो ‘होय’ या एकाच शब्दात. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसता संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. परंतु आजोबांची कचेरीत उभे राहण्याची रीत मरेपर्यंत तीच राहिली. कायदा सातबारावरून खोताचे नाव काढू शकतो, पाठीच्या कण्यातून त्याला काढायला एक-दोन पिढ्या लागतात.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जे सांगितले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. लुगडे नेसण्याची जी धाटणी आणि अंगावरचे जे कथलाचे-चांदीचे ओझे पाहूनच जात ओळखली जाते, ते सोडा, असा त्यांचा स्पष्ट आग्रह होता. बायकांनी तो तातडीने अमलात आणला. त्या बदलाला ‘आपली ओळख सोडली’ असे म्हणायला कोणाची जीभ धजावेल? काही खुणा माणसाच्या स्वतःच्या असतात आणि काही दुसऱ्यांनी त्याच्यावर चिकटवलेल्या असतात. बदलणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्यापूर्वी तो कोणती खूण उतरवतो आहे, हे पाहावे लागते.

हावभाव रक्तातून येतात, अशी समजूत अजून आहे. ‘घाटी हात’, ‘कोकणी मान’ असे शब्द आपण सहज वापरतो. निवृत्तीनंतर वाचनात आलेले एक संशोधन इथे नमूद करतो. डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या हातवाऱ्यांचा अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला. जर्मनीत त्या काळी वंशावरून माणसाचे हावभाव ठरतात असे शास्त्राच्या नावाखाली सांगितले जात होते, आणि त्याला हे उत्तर होते. पूर्व युरोपातून आलेले ज्यू कोपर अंगाशी ठेवून, समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन हात हलवीत. दक्षिण इटलीतून आलेले लोक खांद्यापासून पूर्ण हात पसरून बोलत. परंतु अमेरिकी समाजात मिसळलेल्या त्यांच्या पुढच्या पिढीत हे दोन्ही प्रकार विरून गेले होते आणि ज्यू कोण व इटालियन कोण, हे नुसत्या हातांवरून सांगता येईना. संगत बदलली, तसे हात बदलले. आमच्या गावच्या ज्या मुलाने दहा वर्षे मुंबईच्या लोकलमध्ये काढली आहेत, तो गावी आल्यावर मोकळ्या पाणंदीतही कोपरे अंगाशी धरून चालतो. त्याला कोणी वंश विचारत नाही, एवढेच.

मुंबईहून दिवसाच्या गाडीने सावंतवाडीकडे येणाऱ्याने एकदा कान उघडे ठेवून प्रवास करावा, अशी माझी विनंती आहे. पनवेलपर्यंत डब्यात हिंदीमिश्रित मुंबई मराठी असते, खेड-चिपळूण आले की उतरणाऱ्यांच्या तोंडी तिकडच्या संगमेश्वरी बोलीचे हेल येतात आणि कणकवली जवळ आली की पहाटेपासून वरिष्ठांशी फोनवर ‘जी सर’ करणारा गृहस्थ आईला सांगतो, “आये, येतंय गो, भात घाल.” याच किनाऱ्यावर, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत, पोर्तुगीज काळापासून चालत आलेली पोर्तुगीज-मराठी घडणीची बोली ख्रिस्ती कुटुंबे घरात बोलतात आणि बाजारात उतरली की मराठीत सौदा करतात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होईपर्यंत मालवणी माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे आणि तेथे पोहोचेपर्यंत त्याचा ‘माका’ एसटीतच ‘मला’ झालेला असे.

पर्यटकांविषयी टीकाकार वाचकाने जे लिहिले, त्यात मला अधिक तथ्य वाटते. तारकर्लीच्या किनाऱ्यावर आता ‘येवा’ हा शब्द फलकावरच राहिला आहे. फलकाच्या खाली उभा असलेला मुलगा हिंदीत बोलतो, आणि पुण्याच्या माणसाशीही हिंदीत बोलतो. तरी याच्या उलटही घडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. उन्हाळ्यात तेथे पर्यटकांची रीघ लागते. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की काही स्वरांचा बेटावरचा जुना उच्चार मच्छीमारांमध्ये आणि बेटावरच राहायचे ठरवलेल्या तरुणांमध्ये अधिक ठळक झाला होता, आणि ज्यांना बेट सोडून जायचे होते, त्यांच्यात तो पुसट होत होता. पाहुण्यांची गर्दी वाढली, तशी ‘आम्ही इथले’ हे सांगण्याची गरज काहींच्या जिभेलाच वाटू लागली. शिकून परत आलेली आणि गावातच घरगुती निवास चालवणारी आमच्याकडची काही मुले आपापसांत पूर्वीपेक्षा जास्त ठासून मालवणी बोलताना मी ऐकतो, तेव्हा मला त्या बेटाची आठवण होते. पाहुण्याशी हिंदी आणि पाठ वळताच ठसठशीत मालवणी: त्या मुलांना दोन्हींची गरज आहे.

नक्कल मात्र वेगळी. मालवणी येत नसताना केवळ हशा मिळवण्यासाठी ‘काय रे मेल्या’ म्हणणारा पाहुणा आमच्या बाजूला झुकत नसतो, तो आम्हाला आमच्याच अंगणात विदूषक करतो. दूरचित्रवाणीवर नोकर, रखवालदार आणि मूर्ख मेहुणा यांच्याच वाट्याला ही बोली का येते, यावर कोणी सविस्तर लिहिले तर मी आवडीने वाचेन.

माझे खरे म्हणणे याच्या पुढचे आहे. समोरच्याप्रमाणे बोलणे बदलणे ही रीत आहे, कौशल्य आहे, पुष्कळदा मायाही आहे. पण ते नेहमी एकाच बाजूने का व्हावे? छत्तीस वर्षांत खिडकीच्या पलीकडचा माणूसच बदलत आला. तहसील कचेरीच्या रांगेत उभी राहिलेली बाई ओठांतल्या ओठांत ‘मला उत्पन्नाचा दाखला पाहिजे’ हे वाक्य घोकत असते आणि नंबर लागला की घाबरून तिच्या तोंडून ‘माका उत्पन्नाचो दाखलो व्हयो’ असेच निघते. त्यावर आतून ‘नीट मराठीत सांगा’ असे येते. ती मराठीतच सांगत असते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाला १९६४ पासून साठ वर्षे होऊन गेली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला, आणि ज्या बोलींच्या बळावर ही भाषा उभी आहे, त्यांतली एक बोलणाऱ्या बाईला आम्ही खिडकीवर माफी मागायला लावतो.

हा दोष मी स्वतःकडेही घेतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्येला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दाखवायला नेले होते. डॉक्टर घाईत होते आणि आत्ये संकोचाने तोंडावर पदर धरून त्यांच्याऐवजी माझ्याकडे पाहून उत्तरे देत होती. “माझो जीव वरखाली होता, रात्री निजाक जमणा नाय,” असे ती म्हणाली. मी, पत्रे लिहिण्याच्या जुन्या सवयीने, डॉक्टरांना सांगितले, “थोडे अस्वस्थ वाटते आहे.” डॉक्टरांनी तेवढेच लिहून घेतले. दोन दिवसांनी दुसऱ्या तपासणीत हृदयाचा विकार निघाला. ती त्यातून उठली, हे आमचे नशीब. डॉक्टरांनी तिला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता हे खरे. पण ‘जीव वरखाली होता’ यातली भीती सभ्य मराठीत नेताना मीच वाटेत सांडून टाकली होती. तिचे वाक्य जसेच्या तसे डॉक्टरांपुढे ठेवायला मला लाज वाटली, एवढेच त्याचे कारण.

तशीच लाज मी माझ्या मुलीला शिकवली. पाहुण्यांसमोर ती ‘खय’ म्हणाली की मी डोळे वटारीत असे. आज ती पुण्यात आहे. मी फोनवर मालवणीत बोलतो आणि ती अत्यंत शुद्ध, आदरयुक्त मराठीत उत्तर देते. तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ते वाचताना शाळांपेक्षा आधी मला माझ्या घरातला तो डोळे वटारण्याचा प्रसंग आठवला.

तेव्हा मागणी एवढीच, की बाहेरून या जिल्ह्यात नेमणुकीवर येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, विशेषतः महसूल, आरोग्य आणि शिक्षण या तीन खात्यांत, रुजू होताना इथल्या बोलीतले दोन-तीनशे नित्याचे शब्द व वाक्ये छापील स्वरूपात द्यावीत आणि एक-दोन दिवस गावातल्याच कोणा जाणत्या बाईकडून ती ऐकवावीत. माका, तुका, खय, कित्या (कशाला), व्हया (हवे), गावला (मिळाले), फाल्या. ‘फाल्या ये’ म्हणजे उद्या ये, हे न कळल्यामुळे किती माणसांचे हेलपाटे झाले असतील! दुखण्याचे शब्द तर वेगळे, सविस्तर द्यावेत. रायगडात आगरी-कोळी बोलीसाठी आणि रत्नागिरीत संगमेश्वरीसाठी असेच करता येईल. यासाठी आयोग नको, समिती नको. एका निवृत्त शिक्षकाचे महिनाभराचे आणि एका छापखान्याचे आठवड्याचे काम आहे. कर्मचाऱ्याने बोलीत भाषण करावे अशी अपेक्षा कोणाचीच नाही. त्याने ऐकून ओळखावे आणि जमल्यास एखादा शब्द परत द्यावा.

हे अशक्य नाही, याचा पुरावा गेल्या महिन्यात मला एका सरकारी कार्यालयात मिळाला. खिडकीमागे मराठवाड्यातून नुकताच आलेला एक तरुण लिपिक होता. पुढे उभ्या असलेल्या म्हातारीने छत्री काखेत दाबून, नजर खाली ठेवून, आपले घोकलेले वाक्य सुरू केले आणि ते अर्ध्यातच अडखळले. तो तरुण हसला नाही. थोडा विचार करून, चुकत-माकत तो म्हणाला, “आये, बस. दाखलो गावतला.” म्हातारीने मान वर केली. काखेतली छत्री काढून तिने बाकाला टेकवली, ऐसपैस बसली आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाली, “गावतला नाय रे झिला. दाखलो गावतलो.” त्याने ते शिक्का मारता मारता दोनदा म्हणून पाहिले.

आपला नम्र,
एक निवृत्त डाक कर्मचारी,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग